पडद्यावरचा संगम

अवरेकाई बाजारात आली. म्हैसूरलगतच्या हिनकलच्या रस्त्याकडेला पोत्यांवर हिरव्या शेंगांचे ढीग लागले आणि सकाळी भाजी आणायला जाणारी माणसं पिशवी भरेपर्यंत बोटं हुंगत उभी राहू लागली. अवरे म्हणजे आपल्या पावट्याची थोरली बहीण, अंगाने भरलेली आणि वासाने उग्र. या वासाला इथे ‘सोगडु’ म्हणतात. दव पडल्याशिवाय तो शेंगेत उतरत नाही, असं सगळं म्हैसूर छातीठोकपणे सांगतं. मी ते तपासून पाहिलेलं नाही, आणि जे तपासलेलं नाही ते मी सहसा खरं धरत नाही. पण अवरे आली की चार-आठ दिवसांत धुकं येतं, एवढं मात्र इथे राहून मी स्वतः पाहिलं आहे.

आज धुकं आलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर समोरच्या नारळांचे फक्त शेंडे दिसत होते. नऊच्या सुमाराला ऊन आलं आणि दक्षिणेकडून छोट्या विमानाचा आवाज आला. मोठ्या विमानाचा आवाज आभाळभर पसरतो, छोट्याचा एका जागी घरघरत राहतो, शेजारी कुणी मिक्सर लावल्यासारखा. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून त्या दिशेला बघत राहिले. ते कोण चालवतंय आणि काय बघून चालवतंय, हा प्रश्न माझ्या मनात दरवर्षी येतो. खिडकीतून खाली बघतंय, की मांडीजवळच्या पडद्यात? विमान टेकडीच्या बाजूला गेलं, आवाज विरला. टॉवेलचं पाणी तोवर माझ्या पायावर गळून गेलं होतं.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लोक सॉफ्टवेअर बनवतात आणि मी त्यातल्या चुका शोधते. मिरजेहून लग्न करून म्हैसूरला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही. एखादी गोष्ट बरोबर चालली की मला चैन पडत नाही, आत काहीतरी दडलेलं असणार असं वाटतं. ही सवय ऑफिसात सोडून घरी येता येत नाही. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं निदान, मुलीच्या शाळेतून आलेलं कौतुकाचं पत्र, सगळ्याला मी आधी उलटं करून बघते. माझा नवरा आनंद म्हणतो, “हिला अमृत दिलं तरी ही आधी मांजराला चाखवेल.” मी चिडते. पण मनातून वाटतं, चाखवायलाच पाहिजे, अमृत आहे असं सांगणारा कोण आहे ते तरी बघायला नको का?

तर अशीच एक थंडी होती, सात-आठ वर्षांपूर्वीची. आम्ही तिघांनी मिळून एक लहानशी कंपनी काढली होती. दोघं बनवणारे आणि मी तपासणारी. छोट्या विमानांसाठी वाट दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही तयार करत होतो. एक छोटा लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला काडेपेटीएवढा जीपीएसचा रिसीव्हर, आणि पडद्यावर निळी रेघ. ज्या गावांवरून जायचं त्यांचे ठिपके आधी घालून ठेवायचे, मग आपलं विमान बाणाच्या रूपात त्या रेघेवरून सरकत जातं. रस्ते, नद्या, डोंगर अजून त्यात भरायचे होते. पांढऱ्या पडद्यावर फक्त रेघ, ठिपके आणि बाण, इतकंच. शहराबाहेर तेव्हा एक उड्डाणशाळा होती. तिथल्या व्यवस्थापकांनी हिवाळाभर आठवड्यातून तीनदा आम्हाला एक दोन आसनी विमान वापरू द्यायचं कबूल केलं. चालवायला दिले कॅप्टन मानोजीराव.

मानोजीराव इथल्या जुन्या मराठा घराण्यातले. त्यांचे पूर्वज इथल्या राजांच्या फौजेत घोड्यावर आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी, पण ती अशी की अर्धं वाक्य कन्नडमध्ये उतरून पुन्हा मराठीत वर येणार. वय त्रेसष्ट. त्यांच्या धंद्यात पासष्टीला थांबावंच लागतं, आणि तोवर ठरावीक महिन्यांनी डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं. “दोन वर्षं हायेत माझी,” हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. एखादा माणूस ताटातली शेवटची पुरी बाजूला ठेवून जेवतो, तसे ते त्या दोन वर्षांकडे बघायचे. त्या थंडीनंतर ते पुन्हा कधी उडाले नाहीत. त्यात माझा हात होता, आणि हे मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही.

त्या हंगामातल्या सकाळी मला वासांवरून आठवतात. विमानाच्या पेट्रोलचा गोडसर वास, सीटच्या जुन्या रेक्झिनचा वास, दार बंद केल्यावर आत कोंडणारा मानोजीरावांच्या विभूतीचा वास, आणि या सगळ्यावर अवरेचा. कारण धुकं उठेपर्यंत आम्ही अवरे सोलत बसायचो. शाळेच्या कँटीनमध्ये दुपारी त्याची आमटी असायची आणि धुक्यात अडकलेल्या प्रत्येकाच्या पुढे शेंगांनी भरलेलं पाखडायचं सूप येऊन पडायचं, मग तो कॅप्टन असो की मेकॅनिक. दाणे काढायचे, ते भिजवायचे, आणि आदल्या दिवशीचे भिजलेले दाणे चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचे. मानोजीराव हे काम धावपट्टीकडे बघत करायचे. चिमटीतून दाणा सुटायचा तो बरोबर भांड्यात पडायचा. एकदाही त्यांनी भांड्याकडे पाहिलं नाही.

“येनु मगळे, झालं काय तुझ्या पेट्टीचं?” ते विचारायचे. येनु म्हणजे काय, मगळे म्हणजे अगं मुली. लॅपटॉपला ते पेट्टीच म्हणत.

“झालंय. तुमचं धुकं उठू दे.”

“उठतंय. त्या पिंपळाचं खोड दिसलं का, की निघू. शेंडा दिसून उपयोग नाय.”

मी पिंपळाकडे बघायची. मला खोड दिसायचं नाही. त्यांना दिसतंय का, हे मला कळायचं नाही.

लॅपटॉप बसवायचा प्रश्न होता. मांडीवर ठेवला तर विमान चालवायच्या दांड्याला अडतो. म्हणून मेटगळ्ळीतल्या एका लेथवाल्याकडून मी दोन सीटांच्या मधोमध बसेल अशी पट्टी करून घेतली. माप घेताना तो मोकळा बोलत होता. ही पट्टी विमानात बसणार आहे असं कळल्यावर त्याने हात आखडला आणि कन्नडमध्ये विचारलं, की काही झालं तर माझं नाव येणार नाही ना? त्याचा संशय मला फार आवडला. या सगळ्या प्रकरणात आपल्या जातीचा एक माणूस भेटला असं वाटलं.

कारण मला त्या निळ्या रेघेचा भरवसा नव्हता. आमचीच रेघ, पण नव्हता. कुठेतरी आभाळापलीकडे चार उपग्रह आहेत, ते आपल्याला काहीतरी सांगतात आणि एक काडेपेटी ते ऐकते. त्यावरून आपण कुठे आहोत हे ठरतं. एकदा धावपट्टीवर उभं असताना बाण आपोआप शेजारच्या शेतात गेला आणि अर्ध्या मिनिटाने परत आला. ऊन समोर आलं की पडद्यावर माझाच चेहरा दिसायचा, रेघ दिसायची नाही. मी सगळं वहीत टिपत होते. आमच्या धंद्याची रीतच तशी आहे. दोष सापडला की तो नोंदवायचा, वेळ लिहायची, आणि वर पाठवून द्यायचा. ज्याने चूक केली त्याच्याशी बोलत बसायचं नाही. त्याने वाद होतात, माणसं दुखावतात, आणि चूक राहते बाजूला.

मानोजीरावांची रीत वेगळी होती. ते खालचं प्रत्येक गाव मोठ्याने म्हणायचे. आधी बोट दाखवायचं, मग नजर, मग तोंडाने नाव. “हे तळं. हा साखरेचा कारखाना. हे नंजनगूडचं गोपूर, नोडु, बघ, ऊन पडलंय त्याच्यावर.” त्यांच्या मांडीवर घडी घातलेला कागदी नकाशा असायचा आणि पेन्सिलीने ते त्यावर खूण करायचे. विद्यार्थ्यांनाही हेच शिकवायचे. “तोंडानं बोललं नाय तर बघितलं नाय,” हे त्यांचं वाक्य हँगरमध्ये सगळ्यांना पाठ होतं. आमची ठरलेली फेरी असायची. धावपट्टीवरून दक्षिणेला नंजनगूड, तिथून टी. नरसीपूर, आणि परत. नंजनगूड सोडलं की कपिला नदी डाव्या हाताला सोबत चालायची, वळणं घेत, मागे पडत, पुन्हा गाठत. मग नरसीपूरला ती कावेरीत मिळायची. दोन पाण्यांचे रंग वरून वेगळे दिसायचे. सुगीचे दिवस होते. रस्त्यावर नाचणीची कणसं पसरलेली असायची, गाड्यांनी तुडवून मळणी व्हावी म्हणून, आणि उसाच्या फडांतून धूर सरळ वर यायचा. हे सगळं इतकं सुंदर होतं की मला त्याचाही थोडा संशय येई.

मानोजीरावांवर मात्र पहिले पंधरा दिवस संशय घ्यायचं मला सुचलं नाही. मला ते आवडत होते. त्यांच्याशेजारी बसलं की उडायची भीती वाटायची नाही. मग एकदा त्यांनी पडद्यावरचा आकडा बघायला मान मागे नेली आणि मला विचारलं, “काय लिवलंय ते, सांग.” आकडा चांगला बोटभर होता. मी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये वर्तमानपत्र हातभर लांब धरलं, मग घडी करून ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी पायरीवर पाय ठेवताना ते किंचित चाचपडले. माझ्या मनात पाल चुकचुकली. एकदा ती चुकचुकायला लागली की मला दुसरं काही ऐकू येत नाही. भांड्याकडे न बघता दाणे उडवणं मला आधी कौशल्य वाटलं होतं. आता वाटायला लागलं, बघून उपयोग नसेल म्हणून तर बघत नसतील?

आणि मग तो दिवस. ठिपके घालायचं काम माझं होतं. मानोजीरावांच्या जुन्या वहीत प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहिलेले होते. आमच्या सॉफ्टवेअरला दशांश लागायचे, म्हणजे मिनिटांना साठाने भागून घालायचं. नरसीपूरच्या संगमाचा रेखांश मी नीट भागून घातला, तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन अक्षांश घातला तो तसाच, न भागता. बारा अंश तेरा मिनिटांचं बारा पूर्णांक तेरा झालं आणि संगम नकाशावरून उठून आठ-दहा किलोमीटर दक्षिणेला कोरड्या शेतात जाऊन बसला. जगाच्या चुका शोधणारी मी, माझी चूक मला दिसली नाही.

नंजनगूड सोडलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाण निळ्या रेघेवरून सुरेख सरकत होता आणि मानोजीराव रेघ सांगेल तसं विमान नेत होते. पण नदी डाव्या हाताला राहिली नाही. ती लांब लांब गेली, मग तिच्या काठची झाडं दिसेनाशी झाली. मी खिडकीला कपाळ लावून बघत होते. खाली नाचणीची शेतं होती, एक आटलेलं तळं होतं, एका रस्त्यावर पसरलेल्या कणसांवरून बैलगाडी चालली होती. बाण ठिपक्यावर आला. मानोजीरावांनी बोट उचललं, शांतपणे समोर दाखवलं आणि म्हणाले, “संगम आलं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पुन्हा खाली पाहिलं, न जाणो माझंच चुकत असेल. खाली पाण्याचा थेंब नव्हता. मी मनात म्हटलं, या माणसाला दिसत नाही, हा पडद्यावरचा ठळक बाण तेवढा बघून बोलतोय, आणि आपण जमिनीपासून इतके वर त्याच्या शेजारी बसलोय. मी काय केलं? वहीत वेळ लिहिली. त्यापुढे लिहिलं, ‘ठिपका चुकीचा. कॅप्टननी संगम म्हटलं. खाली शेत.’ मग वही मिटून मांडीवर ठेवली. मानोजीरावांनी एकदा माझ्या वहीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डावीकडे वळून परत निघाले. धावपट्टीवर चाकं अशी टेकली की कळलंही नाही, तेव्हा मला वाटलं, सवय आहे, सवयीने उतरवलं.

खाली आल्यावर माझी चूक मला सापडली आणि मी ती दुरुस्त केली. पुढच्या फेरीला बाण खऱ्या संगमावर आला, मानोजीरावांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, “संगम आलं.” खाली दोन रंगांचं पाणी होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली भीती. आता रेघ बरोबर आहे म्हणजे ते कायम बरोबरच बोलणार. आमचं काम जितकं चोख होईल, तितकं त्यांचं न दिसणं झाकलं जाणार. मी एका आंधळ्या माणसाच्या हातात काठी दिली आहे आणि त्या काठीच्या जोरावर तो पोरांना घेऊन आभाळात जातो आहे, असं मला वाटलं. त्यांच्याकडे तेव्हा हासनची एक मुलगी शिकत होती, एकोणीस वर्षांची. ती रोज सकाळी वेणी टोपीत कोंबत विमानाकडे पळायची.

आनंदला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, “मग त्यांनाच विचार ना.”

“काय विचारू? तुम्हाला दिसतं का, असं? त्या माणसाचं सगळं आयुष्य त्यात आहे. दोन वर्षं उरलीत म्हणून रोज सांगतात.”

“म्हणूनच त्यांना विचार.”

“त्यांना किती वाईट वाटेल.”

आनंद म्हणाला, “आणि दुसऱ्या कुणाला सांगितलंस तर बरं वाटेल?” मी त्याला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. त्याला पुढे बोलायचं होतं, पण मी भात वाढायच्या निमित्ताने उठले.

आज मी खरं सांगते. त्यांना वाईट वाटेल ही माझी काळजी होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की समोरासमोर विचारायची मला लाज वाटत होती. तोंडावर बोलायला छाती लागते. वहीत लिहायला आणि वर कळवायला नुसतं पेन पुरतं. शिवाय मला असंही वाटत होतं की मी त्या मुलीचा जीव वाचवते आहे. भित्रेपणाला असं एखादं चांगलं कारण मिळालं की तो किती ताठ मानेने चालतो, हे मी तेव्हा शिकले.

तीन दिवसांनी मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. हे गृहस्थ नवे होते, हिशेबातले आणि कागदांतले, स्वतः विमान चालवणारे नव्हते. मी त्यांना वही दाखवली. मोजके शब्द वापरले. “मला वाटतं”, “खात्री नाही”, “एकदा तपासून घ्यावं”. त्यांनी ऐकून घेतलं, माझे आभार मानले आणि म्हणाले, “तुमचं नाव येणार नाही.” मेटगळ्ळीतल्या लेथवाल्यासारखं मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी उड्डाणांच्या फळ्यावर मानोजीरावांच्या नावापुढे रेघ मारलेली होती. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत उड्डाण बंद. धुकं तसंच होतं, अवरेचं सूपही होतं. पिंपळाचं खोड दिसलं का हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं. त्या आठवड्यात एका तरुण कॅप्टनबरोबर मी उडाले. त्याने एकाही गावाचं नाव घेतलं नाही. सारा वेळ तो आमच्या पडद्याकडे बघत होता आणि उतरल्यावर म्हणाला, “मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर फारच छान आहे.” इतक्या महिन्यांत मिळालेली ती पहिली शाबासकी. मला ती गिळवेना.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी हँगरमधून बातमी आली. बंगळूरच्या डॉक्टरांनी मानोजीरावांचे डोळे तपासले, लांबचं अगदी स्वच्छ दिसतं. जवळचं वाचायला चष्मा लागतो, तो त्यांच्या खिशात कित्येक वर्षांपासून होता. पोरांसमोर लावायला त्यांना आवडायचं नाही, एवढंच. मी मेकॅनिकला विचारलं, मग ते कधी येणार? तो म्हणाला, ते नाही येणार. मार्चमध्ये त्यांचा करार संपत होता आणि तो पुढे वाढवायचा नाही असं वरून ठरलं होतं. डोळ्यांची शंका एकदा कागदावर आली होती, ती खोटी ठरल्याचा कागद आला तरी पहिला कागद फायलीत राहणारच. शिवाय आता पडदे आले होते, तरुण माणसं आली होती. मानोजीरावांना तोवर घरीच विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. मी त्या दिवशी व्यवस्थापकांकडे पुन्हा गेले, माझी चूक झाली म्हणाले, लिहून देते म्हणाले. ते सौजन्याने हसले. “तुम्ही योग्यच केलंत,” असं म्हणाले आणि फोन घेतला.

संक्रांतीला मी मानोजीरावांच्या घरी गेले. आनंद येतो म्हणाला होता, मी एकटीच गेले. डब्यात तिळगूळ होता. इथे लाडू करत नाहीत, ‘एळ्ळु-बेल्ल’ करतात. तीळ, शेंगदाणे, गूळ, सुक्या खोबऱ्याचे काप असं मिसळून देतात आणि म्हणतात आपल्यासारखंच, तिळगूळ खा आणि चांगलं बोला. मानोजीराव बाहेरच्या खोलीत चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होते. चष्म्यात ते एखाद्या शाळामास्तरांसारखे दिसत होते. त्यांच्या पत्नीने माझ्या हातात एळ्ळु-बेल्लाची पुडी दिली, उसाचं कांडं दिलं, आणि चहा करायला आत गेल्या. मी डबा पुढे केला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, “मीच सांगितलं होतं व्यवस्थापकांना.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “त्या दिवशी विमानात दुसरं कोण होतं? बस.”

मी बसले. माझी चूक सांगितली, साठाने न भागलेलं सांगितलं, खाली शेत होतं आणि तुम्ही संगम म्हणालात, म्हणून मला वाटलं, असं सगळं. त्यांनी मधे थांबवलं नाही. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुझी पेट्टी चुकली, ते मला नंजनगूड सोडलं तवाच समजलं, मगळे. नदी हात सोडून गेली की. चाळीस वर्षं बघतोय तिला.”

“मग ‘संगम आलं’ असं का म्हणालात?”

“सुम्मने,” ते म्हणाले. इथे हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. काही कारण नाही, उगीच, असा त्याचा अर्थ. पण त्यांनी कारणही सांगितलं. “सगळ्या पोरांना मी एकदा तरी खोटं नाव सांगतो. तळं नाय तिथं तळं म्हणतो, गोपूर नाय तिथं गोपूर. पोरगं बाहेर बघतंय, की माझ्या तोंडाकडे, की पेट्टीकडे, ते कळायला नको? ती हासनची पोरगी तर माझ्यावर वरडली, सार, काय सांगताय, कुठाय तळं म्हणून. खुश झालो मी. तवा तिला विमानात एकटीला सोडायचं ठरवलं.” त्यांनी डबा जवळ घेतला. “तू विद्यार्थी नव्हतीस. तुला कुणी सांगितलं नसेल. पण मी म्हटलं, बघू. ही पोर एवढं सगळं तपासते, ही काय करते.”

“मी बाहेर बघितलं होतं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

“बघितलीस की. मी बघितलो ना, तू कपाळ लावून बघत होतीस. मी वाट बघत होतो. आता बोलेल, आता बोलेल. तू वही उघडलीस.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. “मी तुझ्या बाजूलाच होतो, मगळे. हातभर लांब. मला का सांगितलं नाहीस?”

आत भांड्यांचा आवाज आला. मानोजीरावांच्या पत्नी कप शोधत असाव्यात. मला ऑफिसची रीत सांगता आली असती, त्या मुलीची काळजी सांगता आली असती. त्या खोलीत त्यातलं काही बोलायचा धीर झाला नाही.

“तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं,” मी म्हटलं.

मानोजीरावांनी डब्यातले चार तीळ उचलले, तळहातावर घेतले आणि तसेच धरून ठेवले. दोन वर्षं हातातून गेलेला माणूस इतक्या साधेपणाने बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

“वाटलं असतं की,” ते म्हणाले. “दहा मिनिटं वाटलं असतं. तिथून धावपट्टीपर्यंत. एवढंच, अष्टे.”